लेडीज आवाज येत नाही

मोटारसायकलला गाणी कशाला लागतात, असं सुरतेच्या नवागाममधल्या आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईनं मला एकदा तरी विचारलं आहे. "सुनंदाताई, तू रोज तिथं जाऊन करते तरी काय?" मी सांगायची, "बाई, गाडी बोलायची बंद पडली की तिला बोलती करते." यावर समोरच्या म्हाताऱ्या काकू म्हणाल्या होत्या, "मग आमच्या सुनेला घेऊन जा, चार दिवस झाले बोलत नाहीये." त्यांची सून तिथंच धुणं वाळत घालत होती. ती म्हणाली, "आणि ताई, बोलणाऱ्याला बंद करायचं बटण असेल तर तेही घेऊन या."

तर काम असं. हल्ली लांबच्या प्रवासाच्या मोठ्या मोटारसायकली येतात. त्यांना पुढं टीव्हीसारखा पडदा असतो, दोन-चार स्पीकर असतात, आणि चालवणाऱ्याच्या नि मागं बसणाऱ्याच्या हेल्मेटमध्ये छोटे हेडफोन आणि माईक. गाडी गाणी वाजवते, रस्ता सांगते, फोन घेते, आणि पुढची-मागची माणसं वाऱ्यात न ओरडता एकमेकांशी बोलू शकतात. हे सगळं बिनवायरचं. बिघडलं की गिऱ्हाईक म्हणतं, "सिस्टम खराब झाली." खरं सांगते, दहातल्या आठ वेळा सिस्टमला काही झालेलं नसतं. गाण्याचा आवाज वेगळा, फोनचा वेगळा, रस्ता सांगणाऱ्या बाईचा वेगळा आणि आपापसातल्या बोलण्याचा वेगळा, असे चार वेगळे आवाज चार ठिकाणी लहान-मोठे करायचे असतात. माणूस एक वाढवतो आणि बाकीचे तीन वाढले नाहीत म्हणून गाडीला शिव्या देतो.

मी हे शिकले कुठं, तर माहेरी. अमळनेरला भावाचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. भाऊ गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा आणि मी आत बसून वायरींना डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंग करायची. लग्न होऊन सुरतेला आले, नवरा लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर. घरी बसून मी गल्लीतले मिक्सर, टीव्ही, मोबाईल असं सगळं उघडलं. मग गाड्यांच्या टेपच्या दुकानात लागले, आणि तिथून इच्छापोरच्या रस्त्यावरच्या मोठ्या मोटारसायकलींच्या वर्कशॉपमध्ये. पहिल्या दिवशी तिथले मेकॅनिक मला चहावाली समजले. मी चहा केलासुद्धा. मग सगळ्यांचा पिऊन झाल्यावर त्यांच्याकडून न सुटलेला एक आवाज नसलेला पडदा वीस मिनिटांत सुरू करून दिला. त्यानंतर चहा त्यांनी केला. गेल्या वर्षी मी निवृत्त होईपर्यंत चहा तेच करत होते.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. बारडोलीकडचे एक ऊसवाले शेतकरी आले, म्हणाले, नव्या गाडीचा स्पीकर खुळखुळ्यासारखा वाजतो. उघडून पाहिलं तर आत अक्षता! दसऱ्याच्या पूजेत घरच्या बायकांनी मूठमूठ तांदूळ टाकले होते, ते जाळीतून आत जाऊन बसले. वर हळदकुंकवाचं पाणी. मी एकेक दाणा चिमट्यानं काढला. शेतकऱ्यानं ते दाणे कागदात बांधून खिशात ठेवले, म्हणाले, फेकायचे नाहीत, पूजेचे आहेत.

दुसऱ्या एकानं चाळा करता करता पडद्याची भाषाच बदलली. कुठली झाली ते त्याला कळेना, मलाही कळेना. महिनाभर तो माणूस तसाच फिरला. रस्ता सांगणारी बाई काहीतरी कडक आवाजात म्हणायची आणि हा घाबरून डावीकडं वळायचा. मी डोळे मिटून, वरून पाचवं, मग तिसरं, मग दुसरं, असं बोटाच्या सवयीनं मराठी आणून दिली. तो म्हणाला, "बेन, हिंदी करा ना, मराठी मला येत नाही." घ्या!

पण सांगायची आहे ती गोष्ट आप्पांची आहे. त्यात मी हुशारही ठरले आणि मूर्खही.

आप्पा म्हणजे आमच्याच खान्देशातले, साठी उलटलेले. तरुणपणी लूमवर कामगार म्हणून आले. तीस वर्षं दुसऱ्याचे लूम चालवले, मग स्वतःचे बारा घातले, आणि अलीकडं ते विकून मोकळे झाले. मुलं आपापल्या संसारात. आप्पांनी काय करावं, तर भलीमोठी मोटारसायकल घेतली. मुलांनी डोक्याला हात लावला. पण आप्पांचा जुना नवस होता. लग्न झालं तेव्हा ते सिंधूवहिनींना घेऊन सप्तशृंगी गडावर ट्रकमध्ये उभ्यानं गेले होते. वहिनींना उलट्या झाल्या, पाय सुजले. तेव्हा त्यांनी देवीसमोर म्हटलं होतं, पुन्हा आणीन ती स्वतःच्या गाडीवर, राणीसारखी बसवून. चैत्राची यात्रा जवळ आली होती.

आप्पा पहिल्यांदा आले तेव्हा मला म्हणाले, "ताई, गाणं झकास वाजस. भाऊना फोन उना तर खणखणीत. पन मागे ही बोलनी का नुसतं सुं-सुं." म्हणजे गाणं चांगलं, भावाचा फोन चांगला, आणि मागून बायको बोलली की सुं-सुं. काउंटरवर दुरुस्तीला गाडी घेताना तक्रारीचं कार्ड भरतात. तिथल्या माणसानं त्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं, जेन्ट्स आवाज ओके, लेडीज आवाज येत नाही.

ते कार्ड अख्ख्या वर्कशॉपमध्ये फिरलं. "ही सेटिंग आम्हालाही टाकून द्या", "कंपनीनं हे आधीच का नाही दिलं", असं प्रत्येकानं म्हणून घेतलं. आमचे मॅनेजर हितेशभाई गंभीर माणूस, तेही खुर्चीत मागं रेलून हसले. मीही हसले. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण बिघाडाचं निदान तिथंच लिहिलेलं होतं.

मी नेहमीप्रमाणं सगळं तपासलं. आपापसात बोलण्याचा आवाज शेवटपर्यंत वाढवला, जुने जोडलेले फोन काढून टाकले, हेल्मेट पुन्हा जोडले, सिस्टम नवी करून टाकली. स्वतः मागं बसून बोलून पाहिलं. आप्पा म्हणाले, "हो, हो, बरं झालं." गाडी घेऊन गेले.

आठ दिवसांनी परत आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. सोबत वहिनींचं लुगडं होतं, म्हणजे त्याचा फाटका पदर, पिशवीत. वहिनींना घेऊन ते बारडोलीच्या रस्त्यावर फेरी मारायला गेले होते. वाऱ्यानं पदर सुटला आणि मागच्या चाकाकडं ओढला जायला लागला. वहिनी माईकमध्ये ओरडल्या, "थांबा! थांबा!" आप्पांनी मान डोलावली, "हो, हो" म्हणाले, आणि मोकळा रस्ता बघून वेग वाढवला. शेवटी वहिनींनी दोन्ही मुठींनी पाठ बडवली तेव्हा गाडी थांबली. पदर फाटून निघाला म्हणून निभावलं, नाहीतर काय झालं असतं ते बोलवत नाही. वहिनी उतरल्या, फाटक्या लुगड्यानिशी रिक्षा करून घरी गेल्या. घरी जाऊन जाहीर केलं की यात्रेला मी माझ्या भावाच्या जीपमधून जाईन, ह्या गाडीवर पुन्हा पाय ठेवणार नाही.

आप्पा मला म्हणाले, "ताई, ती बसली नाही तर ही गाडी माझ्या काय कामाची? विकून टाकतो. पण तू एकदा नीट बघ. सिस्टमनं माझा संसार मोडायला घेतलाय." डोळ्यांत पाणी होतं. मला इतकं लागलं, कारण गाडी मीच बरी झाली म्हणून दिली होती. आता प्रश्न माझ्या हातच्या कामाचा होता. वहिनी पुन्हा मागं बसणार की नाही, हे माझ्यावर आलं.

या वेळी मी पद्धत बदलली. आप्पांना गाडीवर बसवलं, हेल्मेट घालायला लावलं, इंजिन बंद. मी वहिनींचं हेल्मेट घालून मागं बसले. वहिनींचं हेल्मेट तोंड उघडं राहणारं, कारण बंद हेल्मेटमध्ये त्यांचा जीव गुदमरायचा. म्हटलं, "आप्पा, मी आकडे म्हणते, तुम्ही परत म्हणा. नुसतं हो म्हणायचं नाही." सतरा म्हटलं, आप्पा गप्प. छत्तीस म्हटलं, आप्पा म्हणाले, "हो." मी म्हटलं, "हो नाही हो, आकडा सांगा!" नाहीच. मग हितेशभाईंना बोलावून मागं बसवलं. त्यांच्या जाड आवाजातले आकडे आप्पांनी धडाधड परत म्हटले. हेल्मेट तेच, माईक तोच. मला वेड लागायची पाळी. म्हणजे ही गाडी खरंच फक्त बायकांशी बोलत नव्हती!

मग मी तेच हेल्मेट घालून आप्पांच्या पुढं येऊन उभी राहिले आणि तेच आकडे तेवढ्याच आवाजात म्हटले. सगळे बरोबर! मागून येत नाही, पुढून येतं. एखादी वायर असती तर म्हटलं असतं सीटखाली तुटली. पण वायरच नाही, तर मागं काय नि पुढं काय?

एवढ्यात शेजारच्या गाडीवर कुणीतरी हवेचा पाइप मारला आणि धूळ उडाली. मी सवयीनं ओढणी नाकातोंडावर धरली आणि आकडे म्हणत राहिले. आप्पा ओरडले, "गेला! ताई, परत गेला आवाज! बघ, असंच करतं ते!"

मी ओढणी खाली केली. आवाज आला. वर केली. गेला. ओढणीनं माईक दबत असेल म्हणून मी ओढणी सोडून दिली आणि ते तक्रारीचं कार्ड माईकच्या पुढं, माझे ओठ आणि आप्पांचे डोळे यांच्या मध्ये धरलं. आवाज गेला. कार्ड बाजूला केलं, आला.

गाडी ठणठणीत होती. आप्पा माझे ओठ वाचत होते, आणि आपण ओठ वाचतो हे त्या माणसाला स्वतःलाच माहीत नव्हतं.

ज्यांनी लूमचा कारखाना आतून पाहिला नाही त्यांना सांगते. तिथं शंभर लूम एकदम खटाखट चालतात. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथं सगळे तोंडाकडं बघून बोलतात आणि हातांनी खुणा करतात. दोरा तुटला, मास्तर आला, सुताचा बीम संपला, चहा आला, सगळ्याला खूण आहे. कुणी शिकवत नाही, दोन महिन्यांत येतं. आणि तिकडं कान हळूहळू जातात, तेही कुणी सांगत नाही. पुढं कानाच्या डॉक्टरांनी मला समजावलं की आधी बारीक आवाज जातात. ढोलकी ऐकू येते, पुरुषाचा जाड आवाज ऐकू येतो. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज कळेनासा होतो. माणसाला वाटतं, आपल्याला तर ऐकू येतंय, हीच पुटपुटते. समोर असली की ओठांवरून निभतं. मोटारसायकलवर बायको पाठीमागं गेली आणि आप्पांची पस्तीस वर्षांची चोरी उघडी पडली.

मी आप्पांना तिथंच सांगितलं. चारचौघांत सांगितलं, ही माझी दुसरी चूक. कार्ड धरून पुन्हा करून दाखवलं. आप्पा लाल झाले. "तू माले बहिरा म्हनस?" हेल्मेट काढून सीटवर आपटलं. हितेशभाईंकडं जाऊन म्हणाले, तुमची बाई गाडी दुरुस्त करता येत नाही म्हणून गिऱ्हाइकाला बहिरा ठरवते. गाडी तशीच टाकून निघून गेले.

हितेशभाईंनी मला बोलावलं. "सुनंदाबेन, आपणे गाडीना डॉक्टर छीए, कस्टमरना नहीं." मी म्हटलं, "भाई, गाडीला आजारच नाही तर मी काय करू?" ते म्हणाले, "माफी मागा." मी म्हटलं, "मागीन, पण ऐकू येईल का त्यांना?" जीभ अशी आहे माझी. त्या दिवशी तिनं माझी नोकरी घालवली असती.

घरी गेले. आमचे साहेबराव, म्हणजे माझा नवरा, खिडकीकडं तोंड करून वाटाणे सोलत बसले होते. नाव साहेबराव, पण सत्तावीस वर्षं लूमवर राबलेला माणूस. लग्न झाल्यापासून त्यांची एक गोष्ट मला फार आवडायची. मी बोलायला लागले की हातातलं काम सोडून माझ्या तोंडाकडं बघायचे. गल्लीतल्या बायकांना मी अभिमानानं सांगायची, आमचे साहेबराव बायको बोलली की नजर हलवत नाहीत, असं प्रेम पाहिजे.

मी दारातच थांबले. त्यांची पाठ माझ्याकडं होती. नेहमीच्या आवाजात म्हटलं, "मी आले." वाटाणे सोलणं चालू. "साहेबराव, घराला आग लागली." एक शेंग, दुसरी शेंग. मी पुढं जाऊन उभी राहिले. त्यांनी वर बघितलं आणि हसले, "आलीस? आज लवकर?"

मी तिथंच बसून रडले. अख्ख्या सुरतेचे स्पीकर मी दुरुस्त करत होते आणि माझ्या घरातला माणूस कधी बंद पडला ते मला कळलं नव्हतं. त्यांना सगळं सांगितलं, समोर बसून. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाले, "मला वाटायचं तूच वयानं हळू बोलायला लागलीस. म्हटलं, चला, बरं झालं." असा माणूस. मी रडता रडता हसले आणि वाटाण्याची शेंग फेकून मारली.

दोन दिवसांनी सिंधूवहिनी एकट्या वर्कशॉपमध्ये आल्या. ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू, चेहऱ्यावर राग. मला वाटलं, आता ही बाई माझं तोंड फोडणार. त्या म्हणाल्या, "तूच का ती, ह्यांना बहिरं म्हणणारी?" मी म्हटलं, "हो वहिनी. मारायचं असेल तर मारा, पण आधी बसा." आमचं पुढचं बोलणं अहिराणीत झालं, ते सोपं करून लिहिते.

मी त्यांना विचारलं, तुम्ही चिडून बोलता तेव्हा ते ऐकतात का? म्हणाल्या, "समोर उभी राहून चिडले तर ऐकतात." अंधारात? "अंधारात बोलले की हो-हो म्हणतात नि झोपतात." लाईट गेल्यावर? स्वयंपाकघरातून हाक मारल्यावर? एकेक उत्तर देता देता वहिनींचा आवाज बारीक होत गेला. मग त्यांनी ते वाक्य म्हटलं, ते मात्र जसंच्या तसं देते. "पस्तीस वरीस व्हई ग्यात ताई, त्यास्नी मनं कव्हय ऐकं नही. मी म्हनू, माले किंमतच नही." पस्तीस वर्षं माझं ऐकलंच नाही, मला वाटायचं, मला किंमतच नाही.

मी म्हटलं, "वहिनी, ऐकलं नाही नव्हे. ऐकू आलं नाही."

त्या पदरात तोंड घालून रडल्या. मग एकदम डोळे पुसून उठल्या. "म्हणजे मी इतकी वर्षं भांडले ते सगळं वाया?" मी म्हटलं, "समोरून भांडलात तेवढं पोचलं असेल." हसल्या बाई. जाताना म्हणाल्या, "उद्या आणते त्यांना. समोर उभी राहून सांगते."

आणि आणलं. घरात काय झालं मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी मी, साहेबराव, आप्पा आणि वहिनी असे चौघं कानाच्या डॉक्टरांकडं एका बाकावर बसलो होतो. आप्पा माझ्याशी बोलत नव्हते. साहेबरावांनी त्यांना विचारलं, "कुठल्या कारखान्यात होतात?" आणि दोघं हातांच्या खुणांनी सुरू झाले. मधेच दोघं खो-खो हसले. डॉक्टरांकडची मदतनीस मुलगी बघतच राहिली.

तपासणीनंतर डॉक्टरांनी आप्पांच्या हातात एक कागद दिला. त्यावर एक रेघ, डावीकडं वर आणि उजवीकडं धाडकन खाली. आप्पांचा चेहरा पडला. मी तो कागद हातात घेतला आणि मला एकदम माझं जग दिसलं. मोटारसायकलच्या पडद्यावर इक्वलायझर असतो, म्हणजे जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंतच्या पट्ट्या, हव्या तेवढ्या वरखाली करायच्या. हा कागद तसाच होता, फक्त आप्पांच्या कानांचा. मी म्हटलं, "आप्पा, ह्या बिघाडाला माझ्याकडं सेटिंग आहे!" पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं बघितलं.

डॉक्टरांनी आप्पा आणि साहेबराव दोघांनाही कानात लावायची मशीन दिली. पण हेल्मेटखाली ती शीळ घालतात, म्हणून गाडीवर वेगळी सोय करायला हवी होती. डॉक्टरांना विचारून मी आप्पांच्या हेडफोनमध्ये जाड आवाज खाली घेतला, बारीक आवाज कागदात जेवढा खड्डा होता त्या अंदाजानं उचलला. मागची बोलली की गाणं आपोआप बंद पडेल असं केलं. रस्ता सांगणाऱ्या बाईच्या जागी जाड आवाजाचा बुवा बसवला. माईक वहिनींच्या ओठांजवळ आणला. वहिनींनी लुगड्याचा पदर कमरेला गच्च खोचला, वर जाकीट घातलं. तरी त्या म्हणाल्या, "यंत्राचा भरवसा नाही. बंद पडलं तर?" मग उपाय त्यांनीच काढला. लग्नानंतर त्यांनीही दोन वर्षं त्याच कारखान्यात बॉबिन भरल्या होत्या, खुणा त्यांना पाठ होत्या. त्या खुणा त्यांनी आप्पांच्या खांद्यावर आणल्या. एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा. वर्कशॉपच्या आवारात दहा फेऱ्या मारून हे पक्कं केलं. हितेशभाई बाहेर येऊन बघत होते. त्यांनी मला एवढंच म्हटलं, "तमे जीत्या," म्हणजे तुम्ही जिंकलात. माफीचा विषय पुन्हा निघाला नाही.

कार्ड बंद करताना बिघाडाचं कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, गाडीत दोष नाही. त्याखाली काय केलं हे लिहायला जागा पुरली नाही.

चैत्रात ते दोघं गडावर निघाले. जीप घेऊन वहिनींचा भाऊ मागोमाग होता, बहिणीला मधेच उतरवून घ्यावं लागलं तर म्हणून. माझं इकडं दोन दिवस कामात लक्ष लागेना. काही झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

परत आल्यावर वहिनी प्रसाद घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आल्या. आप्पा बाहेर गाडी पुसत होते. मी विचारलं, "आवाज येत होता ना?"

वहिनी खुर्चीवर बसल्या, म्हणाल्या, "ऐक. वघईच्या पुढं सापुताऱ्याचा घाट लागला. वळण आलं, मी आपली सवयीनं पुटपुटले, हळू चालवा. जन्मभर म्हणतेच आहे, कोण ऐकतंय! आणि ताई, गाडी हळू झाली. थाप मारली नव्हती मी. माझ्या अंगावर काटा आला. पुढं सगळा घाट माझ्या तोंडातून शब्द फुटेना. इतकं बोलायचं साठवलेलं, आणि आता ऐकू जातंय म्हटल्यावर सुरुवात कुठून करावी तेच कळेना."

"मग?"

"मग काय! घाट संपला तरी मी गप्प. तर ह्यांनी गाडी बाजूला घेतली, मागं वळून म्हणाले, परत बंद पडलं का गं हे?" वहिनी हसायला लागल्या. "मी म्हटलं, चालू आहे, चला तुम्ही. आणि जी सुरू झाले ती गडाच्या पायथ्यापर्यंत. सासूचं काढलं, नणंदेचं काढलं, पहिल्या बाळंतपणाचं काढलं. आणि ताई, ह्या माणसानं एकदासुद्धा नुसतं हो-हो म्हटलं नाही. प्रत्येक गोष्टीला उत्तर दिलं. वणीजवळ तर चक्क भांडले माझ्याशी!"

हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता, जसं काही देवी त्यांना वाटेतच भेटली होती.